चटईखालची प्रार्थना

पेनियामिनाला जेवणाआधी प्रार्थना करायला सांगणार अशी कुणकुण लागली, की आमच्या बेटावरच्या वाइतोलो गावातली जाणती माणसं गुपचूप मागच्या बाजूला जाऊन दोन घास पोटात ढकलून येत. माणूस वाईट होता असं नाही. कुणाकडे मयत झालं तर नारळ खांद्यावर घेऊन सगळ्यांत आधी पोचणारा तोच. वादळात चर्चचं छप्पर उडालं तेव्हा शिडीवर पहिला चढलेलाही तोच. पण एकदा का त्यानं डोळे मिटले की ते लवकर उघडत नसत. गावातले आजारी, न्यूझीलंडला कामाला गेलेली पोरं, त्या पोरांचे मुकादम, समुद्रातले मासे, सरकार, येऊ घातलेली वादळं, एकेकाचा हात धरून तो देवापुढे नेऊन उभा करायचा. तोवर उमूच्या तापल्या दगडांवरून काढलेलं जेवण गार पडायचं. पालुसामीतलं नारळाचं दूध साकळायचं, त्याभोवतीची अळूची पानं कळकट दिसायला लागायची आणि पोरं बसल्या जागी पेंगायची. म्हाताऱ्या लीकीनं एकदा मधेच मोठ्यानं 'आमेन' म्हणून बघितलं. पेनियानं डोळे न उघडता लीकीच्या अधीरपणासाठीही प्रार्थना केली आणि जेवण आणखी गार झालं.

गाव त्याला पेनिया म्हणे. पाळकसाहेब दर रविवारी सांगत, की विश्वासात वाढा, आत्म्यानं वाढा, आहात तिथंच बसून राहू नका. पेनियानं ते फार मनावर घेतलं होतं. तरुणपणी आपण दोन वाक्यांत आटपायचो हे आठवून त्याला स्वतःचीच कीव यायची. आता त्याची साधी संध्याकाळची प्रार्थना चालू असताना भात शिजून करपला असता. वाढ म्हणतात ती आणखी काय वेगळी असते, असं त्याला मनापासून वाटायचं. अशा माणसाची समजूत कोण घालणार? घालायला जावं तर तो आपल्यासाठी प्रार्थना करायचा.

त्याला डीकन, म्हणजे चर्चमधला पाळकांचा मदतनीस, व्हायचं होतं. पांढरा कोट घालून पुढच्या बाकावर बसायचं, प्रभुभोजनाची भाकर मंडळीला वाटायची, एवढी एकच हौस त्या बिचाऱ्याला राहिली होती. आणि आडवा आला होता एकच माणूस, त्याचा शेजारी साकारिया.

साकारिया हा पेनियाच्या बायकोचा, लोसाचा, धाकटा भाऊ. म्हणजे सख्खा मेहुणा. पण मेहुणा होण्याच्या कितीतरी आधीपासून तो पेनियाचा दोस्त होता. दोघं एका होडीत वल्ही मारत मोठे झाले. चर्चच्या गायनात पेनियाचा आवाज खाली घुमायचा आणि साकारियाचा वर छपराला जाऊन लागायचा. जगासमोर 'दाजी' म्हणायची रीत असली तरी साकारिया त्याला सरळ 'ए पेनिया' म्हणूनच हाक मारायचा.

बिनसलं ते डुकरांवरून. साकारियाची डुकरं पेनियाच्या शेतात शिरली आणि त्यांनी टारोचे कंद उकरून टाकले. दुसरा कुणी असता तर शेजारी गेला असता, चार शिव्या दिल्या असत्या, एक डुक्कर मागून घेतलं असतं आणि संध्याकाळी दोघांनी मिळून ते खाल्लं असतं. पेनिया पडला आत्म्यानं वाढलेला. त्यानं साकारियाला एका शब्दानं विचारलं नाही. त्यानं देवाला सांगितलं, आणि चांगलं खड्या आवाजात सांगितलं.

आमच्याकडे घरांना नुसते खांब आणि छप्पर. संध्याकाळी शंख वाजला की गाव चिडीचूप होतं आणि घराघरांतून प्रार्थना सुरू होते. शेजारच्या घरात काय चाललंय ते ऐकायला कान टवकारावे लागत नाहीत. तर त्या संध्याकाळी पेनियानं प्रार्थना केली, "हे प्रभू, ज्यांना तू डुकरं दिलीस, त्यांना कुंपण घालायची बुद्धीही दे."

पलीकडून साकारियाचा आवाज आला, "हे प्रभू, ज्यांना तू एवढा मोठा घसा दिलास, त्यांना शेजारी चालत यायला पायही दे."

"हे प्रभू, दुपारी झोपणाऱ्यांना जागं कर."

"हे प्रभू, जागे असून बडबडणाऱ्यांना झोपव."

काही दिवस असं चाललं. आजूबाजूच्या घरांतली माणसं आपापल्या प्रार्थना लवकर उरकून ऐकत बसायला लागली. लोसा तर कमरेला गुंडाळलेल्या लावालावाचं टोक पदरासारखं तोंडात कोंबून हसायची. इथवर सगळं ठीक होतं, इथंच ते संपायला हवं होतं. पण मग मुलांचा रविवार आला. त्या दिवशी सगळी पोरं पांढरे कपडे घालून चर्चमध्ये आपापली पाठ केलेली वचनं म्हणतात. सुरुवातीची प्रार्थना पेनियाकडे होती. त्यानं भर मंडळीत साकारियाचं नाव घेतलं. त्याचा आळस, त्याची झोप, त्याची डुकरं, सगळं देवाच्या कानावर घातलं आणि त्याला सुधार अशी विनंती केली. मंडळी खुसुखुसु हसली.

त्या दिवसापासून साकारिया गप्प झाला. त्याची संध्याकाळची प्रार्थना पुन्हा पेनियाला ऐकू आली नाही. रविवारी तो बायकापोरांना घेऊन लाव्हाच्या काळ्या दगडांवरून चालत पलीकडच्या गावच्या चर्चला जाऊ लागला. रस्त्यात समोर आलाच, तर मान खाली घालून 'अहो दाजी' म्हणायचा आणि पुढं जायचा. ते 'अहो' पेनियाला काट्यासारखं लागायचं, पण तो कबूल करणार नव्हता. लोसानं भावाच्या घरचं जेवण सोडलं. नवऱ्याला सोडून तिथं जेवायचं कसं, आणि नवऱ्याला घेऊन जायचं कसं? आमच्यात बहिणीचा मान फार मोठा. भावानं तिचं ताट राखून ठेवावं आणि तिनं जाऊ नये, यात दोघंही झिजत होते. वर्षांमागून वर्षं गेली. पेनियाला विचारलं तर तो म्हणायचा, "मी त्याचं काय वाईट केलं? मी तर त्याच्यासाठी प्रार्थना केली."

पाळकसाहेब टोमासी गोल अंगाचे, हसरे गृहस्थ होते. त्यांना गरम जेवण फार आवडायचं आणि वाइतोलोत आल्यापासून ते त्यांच्या नशिबी नव्हतं. एका सोमवारी त्यांनी पेनियाला बोलावून घेतलं.

"पेनिया, या रविवारी तुला डीकन करावं असं मंडळीच्या मनात आहे."

पेनियानं डोळे मिटायला सुरुवात केली.

"थांब, थांब. प्रार्थना नंतर. साकारियाचं काय?"

"माझ्या मनात काही नाही, पाळकसाहेब. मी त्याला कधीच माफ करून टाकलंय."

"त्याला सांगितलंस तसं?"

"देवाला सांगितलंय."

"अरे, मग देवानं काय त्याच्याकडे निरोप घेऊन जायचं? ज्याच्या घरचं ताट तू तोडलंस, त्याला बाहेर ठेवून तू मंडळीला भाकर वाटणार कशी? रविवारच्या आत त्याला भेट. नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल."

पेनिया घरी आला तो धुमसतच. डुकरं कुणाची? साकारियाची. टारो कुणाचे? आपले. मग जायचं कुणी? यायला हवं त्यानं. रात्री त्यानं देवाला हे सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याला पलीकडच्या बेटावर, आपियाला, जायचं होतं. पुतणीचं लग्न होतं आणि लग्नात द्यायची मानाची चटई त्याच्याकडे होती. ही चटई म्हणजे खाली अंथरायची नव्हे. लोसानं कित्येक वर्षं बसून विणलेली, रेशमासारखी मऊ, कडेला लाल पिसं लावलेली. बोटीला जाणारी पहिली बस पहाटे सुटते. लोसानं त्याला उठवलं, कोको पाजला, चटई खांद्यावर दिली आणि बजावलं, "प्रार्थना बसमध्ये करा."

त्यानं अर्थातच घरी केली. पुतणी, नवरामुलगा, नवऱ्यामुलाचे काका इथवर आला आणि बसचा भोंगा वाजला.

रस्त्याला लागायला तो एरवी नीरफणसाच्या झाडांमागून लांबचा वळसा घ्यायचा, साकारियाच्या अंगणात पाऊल नको म्हणून. आज वळशाला वेळ नव्हता. त्यानं माडाआडून डोकावून पाहिलं. साकारियाच्या घरात सामसूम दिसली. तो सरळ अंगणातून पळत सुटला.

साकारियाची कुत्री उठली.

आमच्या गावच्या कुत्र्यांना एकच भाषा कळते. खाली वाकून दगड उचलल्यासारखं केलं की ती मागं हटतात. पेनिया वाकला खरा, पण खांद्यावर चटई, पायाखाली ओलं गवत. पाय घसरला आणि तो अंगणाच्या मधोमध, साकारियाच्या घराकडे तोंड करून बदकन बसला. एका कुत्र्यानं लावालावाचं टोक धरलं, दुसरं कानापाशी गुरगुरलं. हाताला दुसरं काहीच नव्हतं. त्यानं चटई डोक्यावरून ओढली, गुडघे पोटाशी घेतले आणि आतून मोठ्यानं ओरडला, "प्रभू, चुकलो. वाचव मला. चुकलो."

नेमकी तेव्हाच बस येऊन समोर थांबली.

आता बसमधल्या माणसांना काय दिसलं ते ऐका. पहाटेची वेळ, बसच्या दिव्यांच्या झोतात शेजाऱ्याचं अंगण, आणि अंगणात मानाची चटई डोक्यावरून घेऊन जमिनीवर बसलेला एक माणूस, 'चुकलो' म्हणून आकांत करणारा. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं हे काय आहे ते. याला इफोगा म्हणतात. खून पडला, कुणाची अब्रू गेली, म्हणजे अपराध्यानं असं जाऊन बसायचं आणि समोरचा येऊन चटई उचलेपर्यंत हलायचं नाही. त्यानं उचलली तर माफी. नाही उचलली तर काहीही होऊ शकतं. डुकरं आणि प्रार्थना यांच्यासाठी इफोगा केल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून तर बसमधल्यांचे ऊर जास्तच भरून आले. ड्रायव्हर विलियामूनं बसमधलं गाणं बंद केलं. माणसं एकेक करून खाली उतरली. एक म्हातारी स्फुंदू लागली.

चटईखाली पेनियाला आधी एवढंच कळलं की कुत्री गप्प झाली आहेत. मग पावलं ऐकू आली, कुजबुज ऐकू आली. कुणीतरी म्हणालं, "केवढ्या मोठ्या मनाचा माणूस." आपण कुठं बसलोय आणि काय पांघरून बसलोय, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याला कुत्री परवडली असं वाटलं. उठून सांगावं तर अख्खी बस बघत होती, आणि आपल्या हातानं चटई काढून टाकणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर थुंकण्यासारखं. न उठावं तर काय म्हणून बसायचं? माफी त्यानं मागायची की आपण? तो घामानं निथळत तसाच बसून राहिला. साकारिया बाहेर आल्याचं त्याला कळलं, कारण कुजबुज थांबली. मग फार वेळ काहीच झालं नाही.

मग चटई उचलली गेली. समोर साकारिया उभा होता. केस पिकले होते त्याचे. इतक्या जवळून पेनियानं किती वर्षांत त्याला पाहिलंच नव्हतं.

"ऊठ, पेनिया," साकारिया म्हणाला.

'अहो' नाही, 'दाजी' नाही. तरी त्यानं खरं सांगायला तोंड उघडलं. "कु..." एवढंच बाहेर पडलं आणि साकारियानं त्याला मिठीत असं आवळलं की उरलेली 'कुत्री' आतच राहिली. बसमधली माणसं रडायला लागली. साकारियानं चटई झटकली, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिली. "ही लोसाच्या हातची आहे. लग्नाला ने. आणि रविवारी दोघं जेवायला या."

बसमध्ये पेनियाला पुढची जागा मिळाली. ज्या म्हातारीनं रडायला सुरुवात केली होती तिनं त्याला उकडलेली केळी दिली. बोट लागायच्या आत बातमी पलीकडच्या बेटावर पोचली होती आणि लग्नात नवऱ्यामुलापेक्षा जास्त माणसं पेनियाला बघायला आली. तो आतल्या आत जळत होता. माफी? आपल्याला? टारो आपले गेले आणि वर माफी आपल्यालाच मिळाली? हा कुठला न्याय? पण 'ऊठ, पेनिया' हे दोन शब्द काही केल्या कानातून जात नव्हते, आणि कुणी पाहत नाही असं बघून तो ते स्वतःशीच पुटपुटायचा.

घरी परतला तर लोसा पुढच्या खांबापाशीच बसलेली. डोळे सुजलेले, पण चेहरा उजळलेला. तिनं त्याच्यापुढं मासा ठेवला आणि वारा घालत बसली. लग्न झाल्यापासून तिनं त्याला असा वारा कधी घातला नव्हता.

"इतकी वर्षं मला वाटायचं," ती म्हणाली, "की तुम्हाला एसेताचं काही वाटतच नाही."

"एसेताचं काय?"

एसेता ही साकारियाची मुलगी. लोसाचा पंखा थांबला.

"काय म्हणजे? मुलांच्या रविवारी तुम्ही तिच्या बापाचं नाव घेतलंत. सगळे हसले. लगेच पहिला नंबर तिचा होता. एवढीशी पोर, पुढं येऊन उभी राहिली, सगळे अजून हसतायत, तिला वाटलं आपल्यालाच हसतात. अख्खं वचन विसरली. उभ्या उभ्या रडत राहिली. साकारियानं उठून तिला उचलून बाहेर नेलं. त्या दिवसापासून पोरगी चार माणसांत तोंड उघडत नाही. माहीत नाही तुम्हाला?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय? तुमच्यासमोर घडलं. तुम्ही तिथंच उभे होतात."

पेनियानं मासा बाजूला सारला. "माझे डोळे मिटलेले होते," तो म्हणाला. "लोक हसले, मला वाटलं हसू दे, मी आणखी थोडी प्रार्थना केली. मग डोळे मिटूनच बाकावर बसलो."

लोसानं पंखा खाली ठेवला. "मग तुम्ही माफी कशाची मागितलीत?"

त्या संध्याकाळी शंख वाजला, लोसानं मान लववली आणि वाट पाहत राहिली, पण नवऱ्याच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी तिनंच प्रार्थना केली आणि ती आटोपशीर झाली.

पुढचे दिवस पेनियानं फार वाईट काढले. रस्त्यानं जावं तर माणसं थांबून हात हातात घेत. महिला मंडळानं त्याच्या पांढऱ्या कोटासाठी कापड आणलं. पाळकसाहेब तर भेटले की त्याच्याकडे बघून नुसतेच मान हलवत आणि डोळे पुसत. जे आपण केलं नाही त्याबद्दल कौतुक आणि जे केलं ते कळलंच नाही, अशा कात्रीत तो सापडला होता. गप्प बसलं तर रविवारी डीकन. सांगितलं तर साकारियाची साऱ्या बेटावर फजिती, की याला कुत्र्यानं धरलेला माणूस आणि पश्चात्ताप झालेला माणूस यांतला फरक कळत नाही. आणि ते 'ऊठ, पेनिया' परत जाणार, पुन्हा 'अहो दाजी' सुरू होणार. डीकनपदावर तर त्यानं शुक्रवारीच पाणी सोडलं होतं. साकारिया मात्र आता पुन्हा गमावायचा नव्हता. म्हणूनच खोट्याच्या आधारानं त्याला धरून ठेवायचा धीर होईना.

शनिवारी सकाळी तो निघाला. वळसा न घेता सरळ अंगणातून गेला. कुत्र्यांनी ओळख असल्यासारखी शेपटी हलवली, तेही त्याला टोचलं. साकारिया खवणीवर बसून नारळ खवत होता. पलीकडे एसेता खोवलेला नारळ पिळून दूध काढत होती.

"बस," साकारिया म्हणाला.

"बसत नाही. आधी ऐक. त्या दिवशी मी माफी मागायला आलो नव्हतो. मला बस गाठायची होती. तुझी कुत्री अंगावर आली म्हणून मी चटई डोक्यावर घेतली."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळंच. कुत्री माझी आहेत, पेनिया. मी तिथं अंधारात खांबाला टेकून कोको पीत बसलो होतो. तू माडाआडून डोकावलास, मग धूम ठोकलीस, मग आपटलास. चांगला आपटलास."

"आणि तू कुत्र्यांना हाक मारली नाहीस?"

"मारणार होतो ना. कोको संपल्यावर."

साकारिया नारळ खवत राहिला.

"मग चटई कशाला उचललीस?"

"आधी उचलणार नव्हतो. म्हटलं, बसू दे उन्हं येईपर्यंत. पण तू आतून ओरडलास. 'प्रभू, चुकलो, वाचव मला.'" साकारियानं करवंटी खाली ठेवली. "लहानपणापासून तुझ्या प्रार्थना ऐकतोय मी. सगळ्या आम्हाला ऐकवायला असायच्या. देवाला सांगितलेली तेवढी एकच ऐकली. म्हटलं, कुत्र्याच्या भीतीनं का होईना, माणूस खरं बोलला. आणि मला कंटाळा आला होता रे. दर रविवारी ते दगड तुडवत परक्या गावात जायचं, तिथं कुणी माझ्या आवाजाखाली आवाज लावत नाही. बहिणीचं ताट वाढायचं आणि झाकून ठेवायचं. मला निमित्त हवं होतं. तू स्वतःहून मानाची चटई पांघरून माझ्या अंगणात बसलास. इतकं बरं निमित्त मला परत कधी मिळणार होतं?"

पेनियानं रात्रभर जागून एक मोठं भाषण तयार केलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना. तो खाली ओल्या गवतात बसला. या वेळी पाय घसरला नव्हता, आणि डोक्यावर काही नव्हतं.

"माझं चुकलं, साकारिया," तो म्हणाला. "डुकरांचं राहू दे. माझंच चुकलं."

"मला सांगून झालं," साकारिया म्हणाला. "तिला सांग."

पेनिया एसेताकडे वळला. गावभरच्या माणसांना देवापुढे उभं करणाऱ्या त्या माणसाला एका पोरीच्या डोळ्यांत बघायची लाज वाटत होती. तरी त्यानं बघितलं. "एसेता, तुझं वचन माझ्यामुळे गेलं. चुकलो मी."

एसेतानं हात पुसले. "लोक हसले म्हणून नव्हतं गेलं, काका," ती म्हणाली. "मी उभं राहायच्या आधी ते मनात घट्ट धरून ठेवलं होतं. पण तुमची प्रार्थना संपतच नव्हती. धरून धरून सुटलं."

साकारियाला हसू आवरेना. पेनियाला मात्र रडू आलं, आणि ते त्यानं लपवलंही नाही.

तिथून तो थेट पाळकसाहेबांकडे गेला आणि त्यांना सगळं सांगितलं. तो कुत्र्यांपर्यंत आला तेव्हा पाळकसाहेबांनी उशी तोंडावर धरली. कोकोपर्यंत आला तेव्हा ते आडवेच झाले. बऱ्याच वेळानं उठून बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "मग आता रविवारचं काय?"

"मला नका करू डीकन. पुढं कधीतरी बघा. मला अजून वाढायचंय."

"वाढ बाबा," पाळकसाहेब म्हणाले. "फक्त लांबीनं नको."

रविवारी साकारिया बायकापोरांसकट वाइतोलोच्या चर्चमध्ये आला. पेनिया आपणहून उभा राहिला आणि त्यानं मंडळीला कुत्र्यांची हकीगत सांगून टाकली. फुलवून सांगितली नाही, तरी ड्रायव्हर विलियामू बाकावरून खाली सरकला आणि लीकीला ठसका लागला. ज्या मंडळीनं साकारियाला हसून घेतलं होतं, ती आता पेनियाला हसली. पेनियाला ते वाजवी वाटलं. मग गायन सुरू झालं. खालचा आवाज घुमला, वरचा छपराला जाऊन लागला, आणि लोसानं मान खाली घातली ती गाणं संपेपर्यंत वर केली नाही.

दुपारी साकारियाच्या घरी सगळे जेवायला बसले. पाळकसाहेब मधोमध होते, लोसा भावाच्या शेजारी, आणि तिच्यापुढं इतकी वर्षं झाकून राहिलेलं ताट. उमूतून नुकतीच काढलेली पालुसामी पानापानावर वाफाळत होती. साकारिया म्हणाला, "पेनिया, प्रार्थना तू कर."

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लीकीनं हळूच मांडी बदलून ऐसपैस घेतली. पोरांनी एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकली. पाळकसाहेबांनी आपल्या पानाकडे एकदा शेवटचं पाहून घेतलं आणि मान लववली.

पेनियानं डोळे मिटायच्या आधी एसेताकडे पाहिलं. "प्रभू," तो म्हणाला, "या घरी परत जेवायला बसवलंस. फार उपकार झाले. आमेन."

कुणी हललं नाही. सगळ्या माना तशाच खाली. सगळे पुढच्याची वाट बघत होते.

"संपली," एसेता म्हणाली. चार माणसांत, खणखणीत.

मग मात्र सगळे एकदमच जेवणावर तुटून पडले, सवयीनं, नेहमीसारखे मोठे मोठे घास घेत. आणि वाइतोलोत पहिल्यांदाच असं झालं की पाळकसाहेबांपासून लीकीपर्यंत सगळ्यांच्या जिभा भाजल्या.